ओलं खाली, कोरडं वर

"डोळे मिटा. मिटा म्हटलं ना! आणि बोलू नका, ओठाभोवतीचं सगळं हलतं."

"मी कुठे बोललो?"

"मग हे काय चाललंय?"

साहेबांनी तोंड मिटलं. आमच्या वाहिनीवर बातम्या वाचणारा हा माणूस. आवाज असा दणदणीत, की पाठीमागे सगळे त्यांना तोफ म्हणतात. माझ्या खुर्चीत बसले की मात्र शाळेतल्या पोरासारखे मुकाट होतात. मी स्पंज ओला करून घट्ट पिळला आणि समोरच्या ओळीतली एक डबी उचलली. झाकणाच्या कडेवरून बोट फिरवलं. दोन खाचा. ती ठेवली, शेजारची घेतली. तीन. तीन खाचांची साहेबांची. झाकण उघडलं आणि रोजच्यासारखा आत न बघताच स्पंज टेकवला.

कारण आत कुठला रंग आहे ते मला दिसत नव्हतं.

अगदी आंधळी नाही झाले हं. आरसा दिसतो, दिवे दिसतात, समोरच्याचे नाक-डोळे दिसतात. पण कडेकडेचं जग नाहीसं होत चाललंय. परवा शेजारी उभ्या माणसाला धडकले आणि वर त्यालाच बोलले. आणि रंगांचं तर विचारूच नका. निळं-हिरवं एक, पिवळं-पांढरं एक, आणि कातडीचे रंग म्हणजे नुसता चिखल. गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा, सगळ्या डब्या उघडून मांडल्या तरी मला एकाच मातीच्या वाटतात. मेकअपवालीला आणखी काय व्हायचं राहिलं?

डॉक्टर म्हणाले होते, "मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता. हा काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही. थेंब घालत राहा, उरलेली सांभाळू." उरलेली, म्हणे! मी घरी आले आणि अक्काच्या गळ्यात पडून रडले. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आम्ही दोघीच राहतो. तिचे गुडघे गेलेत, माझे डोळे चाललेत, आणि घर माझ्या पगारावर चालतं.

आमच्या आईला हेच झालं होतं. शेवटी शेवटी ती आम्हाला चेहरा चाचपून ओळखायची. "ही धाकटी, हिचं नाक बसकं." आम्ही दोघी खिदळायचो. आता ते आठवलं की अंगावर काटा येतो. असं चाचपून ओळखायला माझ्या घरात मूलही नाही, मी कुणाचा चेहरा चाचपायचा?

तर त्या खाचा. रंग कळत होते तेव्हाच कानशीच्या टोकाने मी झाकणांच्या कडांना त्या पाडून ठेवल्या होत्या, खोलीत कुणी नाही असं बघून. सगळ्यात गोऱ्या रंगाला एक, मग दोन, मग तीन. पावडरीच्या डब्यांनाही तसंच. त्यावर माझं सगळं चाललं होतं.

"आज लांबचा पल्ला आहे," मी म्हटलं. "मतमोजणी. सकाळपासून संध्याकाळपर्यंत दिव्यांखाली. म्हणून थर देते. गुपचूप बसा."

थर द्यायचे म्हणजे थापायचं नसतं. नवख्या पोरींना वाटतं, जास्त टिकायला जास्त लावायचं. छे! पहिला थर क्रीमचा, इतका पातळ की खालचा तीळ दिसला पाहिजे. स्पंजने टिपायचं, घासायचं नाही. गालाचा रंगही क्रीमचाच, याच वेळी. मग थांबायचं, कातडीला ते पिऊ द्यायचं. मग पावडर, पफने दाबून. त्यावर ओलसर स्पंज नुसता टेकवायचा म्हणजे पावडर आणि क्रीम एकमेकांना धरतात. सगळ्यात शेवटी पुन्हा पावडरीचा एक हलका हात, आणि गालावर पावडरचाच रंग. ओलं खाली, कोरडं वर. उलटं केलं, पावडरवर क्रीम चोळलं, की झाले गोळे. भिंतीच्या पापुद्र्यांसारखा चेहरा सुटतो. हे मी इतक्या जणांना ओरडून सांगितलंय की माझी तिरडी निघाली तरी उठून सांगेन.

हात हे सगळं न बघता करत होता. हाताची मला काळजी नव्हतीच. काळजी होती ती आमच्या नव्या दिग्दर्शकाची. त्याला सगळे चष्मेवाला म्हणतात. त्याने आल्याआल्या नवे कॅमेरे आणले आणि सगळ्यांना गोळा करून सांगितलं, "या कॅमेऱ्यात केसन् केस दिसतो. आता चूक चालायची नाही." पुढच्याच आठवड्यात आमच्या दिवेवाल्या काकांना फुलांचा गुच्छ देऊन घरी बसवलं, का तर त्यांचा हात थरथरतो. टाळ्या मीही वाजवल्या. 

"झालं," मी म्हटलं. "लाल टाय शोभतो हो तुम्हाला."

हे मी रोज करते. टायचा, शर्टाचा रंग मुद्दाम बोलून दाखवते, म्हणजे कुणाला शंका नको. साहेब नुसतं "हं" म्हणाले, कॉलरभोवतीचा टॉवेल तसाच ठेवून उठले आणि निघाले बाथरूमकडे. हेही रोजचंच. मेकअप झाला की कॅमेऱ्यासमोर बसण्याआधी त्यांना बाथरूमला जावंच लागतं. उन्हाळ्यापासून चाललंय. पोरं फिदीफिदी हसतात, वय झालं म्हणतात. मीही हसते.

आज त्यांचा कामावरचा शेवटचा दिवस होता. संध्याकाळपर्यंत ते, आणि रात्रीच्या बातम्यांपासून त्यांच्या जागी एक नवी मुलगी.

साहेब गेले आणि आमची केसवाली आत आली. ती सगळ्यांचे केस बघते. खोली आमची दोघींची, आणि दोस्ती जुनी.

"काही दिसलं का तुला?" ती म्हणाली.

मी पफ झटकायला लागले. "काय दिसायचं?"

"अगं, डब्या बघ तुझ्या! काल तू गेल्यावर सगळी झाकणं काढली आणि गरम पाण्यात टाकली. काय मेण साठलं होतं गं! एवढा मोठा दिवस, म्हटलं, तुझं तेवढं काम हलकं करावं. कशी लख्ख झालीत?"

"सगळी एकदम टाकलीस?"

"मग काय एकेक धुवायची? एकाच मापाची तर आहेत. बसवून टाकली परत."

मी खुर्चीची पाठ धरली. झाकणं. मी मूर्खासारख्या खाचा झाकणांना पाडल्या होत्या. डब्यांच्या बुडाला पाडल्या असत्या तर काय बिघडलं असतं? झाकणं कुठल्या कुठे गेली होती, आणि तीन खाचांच्या झाकणाखाली काय होतं ते देवालाच ठाऊक. तेच मी साहेबांच्या तोंडावर थरावर थर देऊन पक्कं बसवून पाठवलं होतं. दिवसभर निघणार नाही असं!

"काय झालं गं? पांढरीफटक पडलीस."

"काही नाही. चक्कर आली जराशी." स्पंज, पफ आणि पावडर पिशवीत कोंबून मी पळाले.

बाथरूम रिकामं होतं. स्टुडिओच्या दारावरचा लाल दिवा लागला होता, म्हणजे कार्यक्रम सुरू झालेला. मी दाराला कान लावला. आत तोफ गडगडत होती, पहिल्या फेरीचे आकडे. दार हळूच ढकलून मी कॅमेऱ्यांच्या मागे जाऊन उभी राहिले. चष्मेवाला कानाला हेडफोन लावून पडद्याकडे टक लावून बघत होता. मीही बघितलं. मला काय दिसणार! एक चेहरा, हलणारे ओठ, आणि तोच चिखलाचा रंग. पांढरे भुतासारखे दिसत होते की काळेठिक्कर, मला सांगता येईना. आता हा वळेल, आता ओरडेल, सगळ्यांसमोर विचारेल, बाई, हे काय केलंत? गुच्छ कुठल्या फुलांचा असेल हाही विचार मनात येऊन गेला. तोही मला नीट दिसणार नव्हता.

तो वळला नाही.

केसवाली माझ्या मागोमाग आली होती. मी तिच्या कानाशी लागले. "साहेब कसे दिसतायत गं?"

"कसे म्हणजे? नेहमीसारखे. छानच."

"नीट बघ."

"अगं बघितलं! आज काय झालंय तुला?"

हे कसं शक्य होतं? योगायोगाने तीच डबी हाताला लागली असेल? देवा, तसंच असू दे. जाहिरातींची वेळ झाली, दिवे मंद झाले आणि मी धावत साहेबांपाशी गेले. कपाळावर घाम होता. टिपायला मी बोट टेकवलं आणि थबकले.

एरवी बातम्या अर्ध्या तासाच्या. मधे हात लावायची वेळच येत नाही, आणि संपलं की साहेब स्वतःच तोंड धुऊन घरी जातात. त्यामुळे माझं काम झाल्यावरचा त्यांचा चेहरा कित्येक महिन्यांत माझ्या हाताखाली आलाच नव्हता. आज आला. बोटाला जे लागलं ते माझं नव्हतं. हनुवटीवर जाड, कानाशी उघडं, केसांच्या कडेला सरळ रेघ, आणि नाकाच्या बाजूला बारीक बारीक गोळे.

"पावडरवर क्रीम लावलंत?" भीतीबीती सगळं विसरून माझ्या तोंडून आधी तेच निघालं.

साहेबांनी कॉलरला लावलेल्या माइकवर तळहात दाबला. "हळू बोला."

"हळू काय हळू! गोळे झालेत गोळे. जन्मभर ओरडतेय, ओलं खाली, कोरडं वर, आणि तुम्ही..." मग मी आवाज खाली आणला. "कुणी केलं हे?"

"मी. बाथरूममध्ये."

"का?"

ते समोरचे कागद नीट लावू लागले. "आज फारच झालं होतं हो. भाजलेल्या विटेसारखा दिसत होतो."

"आज फारच? म्हणजे रोजही..."

"रोज नाही. बहुतेक वेळा बरोबर असतं. कधी गाल जास्त लाल होतात, तेवढं पुसतो." त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून एक छोटी डबी काढून माझ्या तळहातावर ठेवली. "माझ्या रंगाची आणून ठेवलीय. चेहऱ्याला लावायचं मला जमत नाही, ते दिसतंच आहे तुम्हाला."

"दिसत नाही," मी म्हटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कामाच्या जागी हे शब्द बाहेर पडले, आणि तेही कुजबुजत. "कधी कळलं?"

"उन्हाळ्यात. पिवळा टाय लावून आलो होतो. तुम्ही म्हणालात, पांढरा शोभतो. आणि आजचा लाल नाही, तपकिरी आहे."

"कुणाला बोललात?"

"कुणाला बोलणार? सगळ्यांना वाटतं मला सारखी लागते. वाटू दे की." ते किंचित हसले. "माझं पहिलं बातमीपत्र आठवतं? भीतीने मी शर्टावर ओकलो होतो. तुम्ही मला धुतलं, पुसलं, आणि बाहेर जाऊन सांगितलंत, दिव्यांनी मेकअप वितळलाय, जरा थांबा. बिचाऱ्या दिवेवाल्यांनी शिव्या खाल्ल्या. आजवर कुणाला कळलं ते?"

नव्हतं कळलं. मी तर विसरूनही गेले होते.

पलीकडून कुणीतरी दिवे लागण्याचा इशारा दिला. मी कागदी रुमालाने गोळे टिपले, नखाने कडेची रेघ मोडली, त्यांच्या डबीतलं क्रीम नखाएवढं घेऊन उघड्या जागी टेकवलं, ओलसर स्पंज, वर पावडर. बोटांना सगळं समजत होतं. "आता हात लावाल तर बघा," म्हटलं आणि मागे सरले.

दिवसभर ते बोलत राहिले आणि दिवसभर मी मधे मधे जाऊन त्यांचा घाम टिपत राहिले. चेहऱ्यावरचा थर जराही हलला नाही. मला मात्र सकाळपेक्षा जास्त भीती वाटत होती. आजवर पाठीशी कुणीतरी उभं होतं हे ज्या दिवशी कळलं, त्याच दिवशी तो माणूस जाणार होता. संध्याकाळी त्या नव्या मुलीचा चेहरा मलाच करायचा होता, आणि तो बाथरूममध्ये निस्तरायला कुणी नसणार होतं.

दुपारी जिन्यात उभी राहून अक्काला फोन केला.

"सांगून टाक सगळ्यांना," ती म्हणाली.

"आणि काढून टाकलं तर? खायचं काय आपण? अक्का, मला फार भीती वाटते गं."

"मग घाबर. कोण नको म्हणतंय? आई काय घाबरत नव्हती? रात्री उशीत तोंड खुपसून रडायची, मी ऐकलंय. घाबरत घाबरत सांग. पण आता त्या डब्यांचे खेळ पुरे कर."

पण खरं सांगू का, सुटायची वाट होती अजून. केसवालीला नुसतं म्हणायचं, बाई गं, तू घोळ घातलास, तूच लाव आता ओळीत, गोऱ्यापासून सावळ्यापर्यंत. तिने हसत लावल्या असत्या, मी नव्या खाचा पाडल्या असत्या, या वेळी बुडाला. वाक्य अगदी तयार होतं. संध्याकाळी खोलीत शिरले तेव्हा मी ते म्हणणारच होते.

तर नवी मुलगी आधीच खुर्चीत बसलेली. केसवाली तिच्या केसांना यंत्राने वारा देत होती. आरशात बघून मुलगी म्हणाली, "मावशी, माझे हात बघा कसे गार पडलेत." मी हात हातात घेतला. बर्फ नुसता. "घरी सगळे टीव्हीसमोर बसलेत. मला यातलं काही कळत नाही हो. तुम्ही कराल ते. चांगली दिसेन ना मी?"

मी तिच्या गालावर बोटं ठेवली. कोवळी कातडी, जबड्याशी एक छोटी पुटकुळी, आणि गाल आतून थरथरतोय. या चेहऱ्याची एकही खाच माझ्याकडे नव्हती. साहेब निस्तरून घेत होते. ही पोर तशीच जाऊन बसली असती, विटेच्या रंगाची, आणि उद्या सगळीकडे हिचं हसं झालं असतं.

"बाळ," मी म्हटलं, "मला रंग दिसत नाहीत."

केसांचं यंत्र बंद झालं.  दारात चष्मेवाला उभा होता. घाई करायला आला असावा.

"काय म्हणालात?" तो म्हणाला.

मी त्याच्याकडे वळले आणि पुन्हा म्हटलं, "मला रंग दिसत नाहीत. डोळ्यांचा आजार आहे, बरा होणारा नाही. मी लपवलं."

"आणि हे आत्ता सांगताय? आत्ता?"

"आत्ताच सांगते. ओरडायचं ते नंतर ओरडा. आधी हिचा चेहरा हवाय की नकोय?" आवाज चढला खरा, पण तो रागाचा नव्हता. घाबरले की मी अशीच बोलते.

तो उत्तर द्यायच्या आत त्याच्या मागून साहेब आत आले. नुकतेच उठून आले होते, चेहरा अजून तसाच. त्यांनी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, माझ्या शेजारी बसले आणि सगळ्या डब्या उघडून समोर मांडल्या. एकेका डबीतलं क्रीम बोटावर घेऊन मुलीच्या जबड्याजवळ धरून बघायला लागले.

मी तळहात पुढे केला. त्यांनी त्यावर एक डबी ठेवली.

"ही."

पातळ थर. टिपून. मुलीला म्हटलं डोळे मीट, तिने मिटले. गालाच्या रंगाच्या वेळी साहेब हळूच म्हणाले, "बास," आणि मी थांबले. मग पावडर, दाबून. ओलसर स्पंज. पुन्हा पावडर. केसवाली तोंडावर हात धरून उभी होती, तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते मात्र मला दिसलं. चष्मेवाला शेवटपर्यंत दारातून हलला नाही.

"ऊठ," मी मुलीला म्हटलं. "चेहऱ्याला हात लावू नकोस. घाम आला तर मी आहे."

ती आरशात बघत राहिली, मग वाकून माझ्या गार हाताला आपला गार हात लावून गेली. चष्मेवालाही वळला. जाता जाता म्हणाला, "उद्या सकाळी माझ्या खोलीत या." एवढंच. आवाजावरून काही कळलं नाही. केसवालीने मला मिठी मारली, "मेले, मला तरी सांगायचंस!" म्हणाली आणि नाक पुसत मुलीमागे गेली.

खोलीत साहेब आणि मी उरलो. ते नेहमीप्रमाणे बाथरूमकडे जायला निघाले, दाराशी थांबले आणि परत येऊन खुर्चीत बसले. त्यांनी मान मागे टेकली.

मी कापूस घेतला, तेलात भिजवला आणि कपाळापासून सुरुवात केली. दिवसभराचे थर एकेक सुटत गेले. वरची पावडर, खालचं क्रीम, मधे त्यांनी स्वतः थापलेलं. खालून म्हाताऱ्या माणसाची सैल, मऊ कातडी हाताला लागली. स्टुडिओतून तोफेचा आवाज नव्हता आता, त्या मुलीचा येत होता. पहिलं वाक्य जरा अडखळलं, दुसरं नीट गेलं.

शेवटचा बोळा फिरवून मी थांबले. पांढरा होता की मळका, कळत नव्हतं. इतकी वर्षं हा प्रश्न मी कुणाला विचारला नव्हता.

"निघाला का सगळा?"

साहेबांनी आरशात नीट बघितलं. मान एका बाजूला वळवली, मग दुसऱ्या.

"डाव्या कानामागे राहिलाय थोडा," ते म्हणाले.

मी नवा कापूस घेतला आणि कानामागे पुसलं.